जन्मदात्यांचे दायित्व : वऱ्हाडच्या चळवळीतील एक विस्मृत प्रकरण

वऱ्हाडातील आंबेडकरी चळवळीचा इतिहास लिहिताना आपल्या लेखकांची लेखणी बहुधा पाणवठा, मंदिर, परिषद आणि दीक्षा या चार स्थळी थांबते. नोव्हेंबर १९२७ मध्ये बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस भरलेली वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद, अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न, डॉ. पंजाबराव देशमुख यांनी जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदावरून खुल्या केलेल्या सार्वजनिक विहिरी, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेसाठी अकोला-अमरावतीच्या खेड्यापाड्यांतून नागपुराकडे निघालेले जथे, हा सर्व इतिहास गौरवाचाच आहे. परंतु तो बहुतांशी घराबाहेरचा इतिहास आहे. उंबरठ्याच्या आत पाळण्यात निजलेले मूल, अंगात रक्त नसलेली बाळंतीण, दारूच्या पायी वावर गमावलेला बाप, यांचा या चळवळीशी काय संबंध होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

तो संबंध होता, आणि तो कागदोपत्री नोंदलेला आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित महिलांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या व्यासपीठावरून स्त्रियांच्या शिक्षणाबरोबरच संततिनियमनाचा विषय उघडपणे मांडला गेला. ज्या काळी सुशिक्षित घरांतही हा शब्द दार लावून उच्चारला जात असे, त्या काळी हजारो कष्टकरी स्त्रियांच्या सभेत तो उच्चारला गेला. मुले किती असावीत, ती कशी वाढवावीत आणि ती जगावीत म्हणून कोणी काय द्यावे, हा प्रश्न या चळवळीने दैवावर सोडला नाही आणि एकट्या आईवरही ढकलला नाही, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचाराची निकड समजण्यासाठी त्या काळच्या वऱ्हाडाकडे पाहिले पाहिजे. काळ्या कसदार जमिनीचा हा मुलूख पांढऱ्या सोन्याचा म्हणून प्रसिद्ध होता. अमरावती, अकोला आणि खामगाव येथील कापसाच्या बाजारपेठा देशभर विख्यात होत्या. परंतु हे सोने वेचणारे हात प्रामुख्याने स्त्रियांचे होते. शेतात निंदणी आणि वेचणी, हंगामात जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत रेच्यावरची मजुरी, आणि उरलेल्या दिवसांत मिळेल ते काम, असे त्यांचे वर्षाचे चक्र असे. महार, मांग आणि अन्य भूमिहीन जातींतील स्त्रीला गरोदरपणात विसावा नव्हता आणि बाळंतपणानंतर रजा नव्हती. तान्हे मूल घरी ठेवावे तर पाहणारे कोणी नाही, आणि सोबत न्यावे तर कापसाच्या उडत्या धुळीत त्याला निजवावे लागे. त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाडात दर हजार जन्मांमागे दोनशेहून अधिक बालके पहिल्या वाढदिवसापूर्वी मृत्यू पावत. म्हणजे पाच मुले झाली तर त्यांतील एक गमावायचे, हे जणू ठरलेलेच होते.

मुंबईच्या गिरणगावात काय चालत असे याची नोंद १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी करून ठेवली आहे. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात असल्याचे त्यांना आढळले. हा आकडा वाचून अडाणी आईला दोष देणे सोपे आहे, आणि तेव्हाच्या पुष्कळ सुधारकांनी तेच केले. पण दहा तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या स्त्रीने मागे ठेवलेल्या मुलाचे काय करावे, याचे उत्तर त्या सुधारकांपाशी नव्हते. पाळणाघराची तरतूद कायद्याच्या पुस्तकात शिरावयास १९३४ चा फॅक्टरी कायदा यावा लागला. पन्नासहून अधिक स्त्रिया कामास असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली असावी, असा नियम करण्याची मुभा त्या कायद्याने प्रांतिक सरकारांना दिली. मुभा दिली, सक्ती केली नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बाबासाहेबांना हा प्रश्न पुस्तकांतून कळलेला नव्हता. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. लाडका राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर ऑगस्ट महिन्यात मित्र दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात बापाच्या काळजाचे जे दर्शन घडते, ते चळवळीच्या कोणत्याही अभ्यासकाने एकदा तरी वाचले पाहिजे. माता रमाई ही चारही दुःखे पोटात घेऊन जगली आणि २७ मे १९३५ रोजी तिचे निधन झाले. अमरावतीची परिषद राजरत्नाच्या मृत्यूनंतर अवघ्या सव्वा वर्षाने भरली, आणि त्या परिषदेच्या वेळीच वडीलबंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता बाबासाहेबांना मिळाली. वऱ्हाडातील समाजाने आपला नेता प्रथम जवळून पाहिला तो अशा दिवसांत.

खाजगी दुःख सोसून माणसे बहुधा गप्प होतात किंवा देवाकडे वळतात. बाबासाहेब कायदेमंडळाकडे वळले. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकास पाठिंबा देताना त्यांनी मातेला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे प्रतिपादन केले. याचा भार शेवटी सरकारने उचलावयास हवा, परंतु जो मालक त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेतो त्यालाही यातून सुटता येणार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला आणि १९३० मध्ये मध्य प्रांतानेही तसा कायदा केला. मात्र अशा कायद्यांचा लाभ बारमाही गिरण्यांतील, सलग काही महिने नोकरी झालेल्या स्त्रीसाठी होता. जिनिंगच्या हंगामापुरती कामास लागणारी आणि वेचणीस जाणारी वऱ्हाडातील बाई त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

संततिनियमनाच्या बाबतीतही बाबासाहेबांची भूमिका आधीपासून स्पष्ट होती. ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. नोव्हेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रसार सरकारने करावा असा ठराव आला. बाबासाहेबांच्या वतीने तो पी. जे. रोहम यांनी मांडला. मातेचे आरोग्य, मुलांचे पोषण आणि घराची आर्थिक स्थिती यांचा परस्परसंबंध त्या भाषणात विस्ताराने मांडलेला आहे. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी फेटाळला गेला. ज्या देशाने पुढे १९५२ मध्ये कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्याच देशातील एका विधानसभेत चौदा वर्षांपूर्वी ही गत झाली होती.

या पार्श्वभूमीवर १९४२ ची नागपूरची परिषद पाहावी. १८ व १९ जुलै रोजी रावबहादूर एन. शिवराज यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्गाचे अधिवेशन झाले आणि दुसऱ्या दिवशी स्त्रियांची स्वतंत्र परिषद झाली. त्याच महिन्याच्या आरंभी बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर मजूरमंत्री म्हणून नियुक्ती जाहीर झालेली असल्याने उत्साहास उधाण आले होते. अधिवेशनास जमलेल्या सुमारे पाऊण लाख लोकांत वीस-पंचवीस हजार स्त्रिया होत्या, असे समकालीन वृत्तांत सांगतात. नागपूरच्या कीर्तीबाई पाटील, इंदिराबाई पाटील, राधाबाई कांबळे यांसारख्या कार्यकर्त्यांनी संयोजनाचा भार वाहिला. यांतील राधाबाई गिरणीकामगार होत्या. या साऱ्या स्त्रियांचे कार्य ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात संकलित केले नसते तर आपल्या अनेक नामांकित इतिहासकारांना त्यांची नावेही ठाऊक झाली नसती. हे कटू आहे, पण खरे आहे.

त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना केलेल्या उपदेशातील बराचसा भाग अपत्यसंगोपनाविषयीचा आहे. स्वच्छ राहा, दुर्गुणांपासून दूर राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या मनातील न्यूनगंड काढून टाका आणि महत्त्वाकांक्षा जागवा, लग्नाची घाई करू नका, अशा क्रमाने ते बोलले. विवाहानंतर पेलवणार नाही एवढी संतती जन्मास घालणे हा अपराध आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. प्रत्येक मुलाला आपल्यापेक्षा चांगल्या स्थितीतून जीवनाचा आरंभ करता यावा हे आईबापांचे कर्तव्य आहे, असा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. आणि लगेच पुढे, पत्नीने पतीची दासी न होता मैत्रीण व बरोबरीची भागीदार म्हणून उभे राहावे, असेही त्यांनी सांगितले. या दोन गोष्टी शेजारीशेजारी येतात हे महत्त्वाचे. जिला घरात शब्द नाही ती मुलाच्या ताटात काय पडावे आणि मुलीने किती शिकावे हे ठरवू शकत नाही, हे ते जाणत होते.

परिषदेचे ठराव वाचले म्हणजे चित्र पूर्ण होते. उपदेश ऐकून टाळ्या वाजवून या स्त्रिया घरी गेल्या नाहीत. घटस्फोटाचा अधिकार, बहुपत्नीत्वास विरोध, मुलींच्या शिक्षणाची व वसतिगृहांची सोय, कायदेमंडळांत प्रतिनिधित्व, आणि गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका व रेल्वे येथे राबणाऱ्या स्त्रियांना हक्काची रजा, दुखापतीची भरपाई व निवृत्तिवेतन, अशा त्यांच्या मागण्या होत्या. रजेचा ठराव आणि संगोपनाचा उपदेश यांचा संबंध वऱ्हाडातील रेच्यावर उभ्या राहिलेल्या बाईला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

धम्माच्या दृष्टीने पाहता ही मांडणी नवी नव्हे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात राजगृहाच्या वेळुवनाजवळ ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करणारा तरुण सिगाल तथागतांना भेटतो. मृत्युशय्येवरील पित्याने सांगितले म्हणून तो हे करीत असतो, अर्थ मात्र त्याला ठाऊक नसतो. पित्याने मुलाला वारसा म्हणून निव्वळ कर्मकांड दिले होते. तथागतांनी त्या दिशांत नाती भरली आणि पूर्व दिशा आईवडिलांना दिली. पुत्राची आईवडिलांप्रती पाच कर्तव्ये सांगून झाल्यावर सुत्त थांबत नाही. आईवडिलांचीही पाच कर्तव्ये तितक्याच ठामपणे येतात : पापापासून परावृत्त करणे, सत्कर्मास प्रवृत्त करणे, शिल्प म्हणजे उपजीविकेचे कौशल्य शिकविणे, योग्य विवाह करून देणे आणि योग्य वेळी वारसा स्वाधीन करणे. आपल्या परंपरागत समाजात मुलाचे ऋण हजार वेळा सांगितले गेले. आईबापांच्या ऋणाचा असा हिशेब क्वचितच मांडला गेला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थांसाठी व अपत्यांसाठी जे नियम दिले आहेत त्यांत बाबासाहेबांनी हा उपदेश आवर्जून समाविष्ट केला.

विनयपिटकातील राहुलाची कथा याहूनही बोलकी आहे. राहुलाला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदन व्याकुळ झाले. पुत्र गेला, नातूही गेला, आणि हे दुःख कातडी, मांस भेदून अस्थिमज्जेपर्यंत पोचते, असे त्यांनी तथागतांना सांगितले. तेव्हा मातापित्यांच्या अनुमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम तथागतांनी केला. एका आजोबाच्या वेदनेतून संघाचा नियम निर्माण झाला. पुढे लहानग्या राहुलास खोटे बोलण्याचे दुष्परिणाम सांगताना तथागतांनी पाय धुण्याच्या भांड्यातील उरलेले पाणी दाखविले, ते सांडून दाखविले, भांडे उपडे करून दाखविले. कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर, आरशात पाहावे तसे तिच्याकडे पाहावे, हे त्याला समजावले. मज्झिमनिकायातील हा प्रसंग म्हणजे बालशिक्षणाचा उत्तम पाठ आहे. त्यात छडी नाही आणि धाकही नाही.

सिगालोवादातच मद्यपानाचे सहा दुष्परिणाम दिले आहेत : धननाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धीचा ऱ्हास. वऱ्हाडाला हे सूत्र पाली न शिकताही ठाऊक होते. अमरावती जिल्ह्यातील शेणगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूचे वडील झिंगराजी दारूच्या आहारी जाऊन अकाली गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आश्रयास आली, आणि मामाच्या घरी गुरे राखीत हे मूल वाढले. हेच पुढे गाडगेबाबा झाले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले, तेव्हा भावकी रुसली. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हे त्यांच्या कीर्तनाचे पालुपद स्वतःच्या बालपणातून आले होते. १९४९ मध्ये त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस सुपूर्द केली, ती मुलांच्या निवासासाठीच. १९९८ मध्ये अमेरिकेत फेलिटी व अंडा या वैद्यांनी हजारो प्रौढांची तपासणी करून असे दाखविले की बालपणी घरात मारहाण, व्यसन, उपेक्षा अनुभवलेल्यांना पुढील आयुष्यात हृदयरोग, नैराश्य आणि व्यसने यांचा धोका वाढतो. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तिचा विचार आपण बहुधा पिणाऱ्याच्या शीलापुरता करतो. ती त्याच्या मुलाच्या आरोग्याचीही प्रतिज्ञा आहे.

धर्मांतरानंतरच्या वऱ्हाडात या विचाराने काय घडविले? २०११ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता ८१ टक्क्यांहून अधिक भरली, तर देशाची सरासरी सुमारे ७३ टक्के होती. देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात राहतात, तेव्हा हा मुख्यतः आपल्याच घरांचा हिशेब आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बौद्ध स्त्रीमागे सरासरी अपत्यसंख्या १.३९ आली, देशाची २.० होती. १९३८ मध्ये ५२ विरुद्ध ११ मतांनी हरलेला ठराव आपल्या आयाबहिणींनी घरोघरी मंजूर केला, असे म्हणावयास हरकत नाही. वसतिगृहात राहून शिकलेली पहिली पिढी, अर्धपोटी राहून मुलाची फी भरणारे बाप आणि वेचणीच्या मजुरीतून वह्या घेणाऱ्या माया यांच्या घामाचे हे फळ आहे.

तथापि समाधानाने डोळे मिटावेत अशी स्थिती नाही. त्याच जनगणनेत सहा वर्षांखालील बौद्ध मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे ९३३ मुली होत्या. हे प्रमाण देशाच्या ९१८ या सरासरीहून बरे आहे, एवढेच. समतेची दीक्षा घेतलेल्या समाजाला ते शोभणारे नाही. नोकरदार झालेल्या आपल्या घरांत आणखी एक व्याधी शिरली आहे. मुलाला आपल्यापेक्षा पुढे नेण्याचा बाबासाहेबांचा आदेश काही पालकांनी गुणपत्रिकेपुरता आखूड केला आहे. अकोल्याच्या शिकवणीवर्गांच्या रांगांत खेड्यांतून आलेली जी कोवळी मुले दिसतात, त्यांच्याशी राहुलाशी बोलावे तसे बोलणारे कोणी घरी आहे काय, हे विहारांतील उपासक-उपासिकांनी पाहावे.

आणि वऱ्हाड म्हणजे केवळ आपली वस्ती नव्हे. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस धारणी व चिखलदरा तालुक्यांत मेळघाट आहे. १९९३ मध्ये तेथील कोरकू बालकांच्या कुपोषणजन्य मृत्यूंनी महाराष्ट्र हादरला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तेव्हापासून आजवर आईचे अज्ञान, अंधश्रद्धा, पोटावर डागण्या देण्याची प्रथा, हीच कारणे सरकारी निवेदनांत वारंवार पुढे केली जातात. ती खोटी नाहीत. पण गिरणगावातील अफूच्या गोळीविषयीही असेच बोलले जात होते, हे विसरता येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातीलच स्त्रियांना नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले, तेव्हा नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. त्या स्त्रिया त्याच गावातल्या होत्या. त्यांच्या हाती ज्ञान, साधन आणि पाठीशी कोणीतरी उभे आहे हा विश्वास आला, एवढाच फरक.

याच जिल्ह्यात अचलपूरजवळ वझ्झर येथे गाडगेबाबांना मानणारे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या शंभराहून अधिक मतिमंद व अपंग मुलांना बाप म्हणून आपले नाव दिले. शासनाने २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. परंतु अशा मुलांचे वय अठरा झाले की त्यांना बालगृहातून बाहेर काढण्याचा नियम बदलावा, ही त्यांची जुनी मागणी आहे. बापपण अठराव्या वर्षी संपत नाही, हे त्यांना सरकारला सांगावे लागते.

राहिला प्रश्न हंगामी बाईचा. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील सवेतन प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या मातृवंदना योजनेत अन्य स्त्रियांना पहिल्या बाळंतपणासाठी ५००० रुपये ठरले. मेळघाटातील कुटुंबे पावसाळा सरला की मजुरीसाठी खाली सपाटीवर उतरतात, आणि मुलाच्या वजनाची नोंद गावच्या अंगणवाडीच्या वहीत मागे राहते. अकोट, तेल्हारा, दर्यापूरच्या शेतांत कापूस वेचणारी बाई किलोच्या भावाने मजुरी घेते. ज्या दिवशी ती वेचणीस जात नाही त्या दिवशी तिला काहीच मिळत नाही, आणि तिचे तान्हे मूल धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत निजलेले असते.